किलमोराच्या वहीतला मॅलॅकी

लॅरी लव्हेलने शहाणपणा केला नसता तर त्या रविवारी कोबी करपला नसता, असं त्याची आई डीलिया पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे. शहाणपणा कसला, तर बापाच्या निवडणुकीच्या पत्रकावर त्याने बापाची जन्मतारीख छापली.

आमच्या पॅचमध्ये, म्हणजे कालव्याखालच्या आयरिश वस्तीत, जन्मतारीख कुणाला नसायचीच. कुणी मोठ्या वादळाच्या साली जन्मलेला, कुणी बटाटे सडले त्याच्या आदल्या वर्षीचा. मॅलॅकी लव्हेलला वय विचारलं तर तो म्हणायचा, "मिसरूड फुटलं तेव्हा मी इथे कालवा खणत होतो, तिथून मोजा." कालवा खणता खणता तो घोडागाडी हाकू लागला, मग अग्निशामक दलाचा नाईक झाला, मग नऊ वर्षं नगरसेवक, आणि आता महापौरपदाला उभा होता. वयावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. पण लॅरी पडला वकिलीच्या परीक्षेला बसणारा मुलगा. त्याने कुणाला न विचारता आयर्लंडला, किलमोराच्या चर्चला पत्र धाडलं आणि बाप्तिस्म्याच्या वहीतला उतारा मागवला. मॅलॅकी, थॉमस आणि सबाइना लव्हेल यांचा मुलगा, तीन मे अठराशे सेहेचाळीस. त्याने तो घरात मोठ्याने वाचून दाखवला. आजीने तर दोनदा वाचायला लावला. आजीला आनंद झाला, असं लॅरीला वाटलं.

पत्रक पाच हजार घरांत गेलं. त्यातलं एक गिरणीच्या मालकांच्या, म्हणजे ॲमोरीसाहेबांच्या वकिलाच्या टेबलावर गेलं, आणि निवडणुकीत ॲमोरीच तर मॅलॅकीविरुद्ध उभे होते. वकिलाने लगेच हरकत घेतली.

"बुधवारी सकाळी दहाला नगरभवनात सुनावणी आहे," लॅरी म्हणाला. चर्चहून येऊन सगळे जेवायला बसले होते आणि कुणीच जेवत नव्हतं. "आजोबांनी अमेरिकेची शपथ घेतली अडुसष्टमध्ये. शपथेच्या दिवशी मुलगा एकविसाच्या आत असेल तर बापाबरोबर तोही नागरिक होतो. वेगळी शपथ लागत नाही. आणि तीन मे सेहेचाळीस धरलं, तर बाबा त्या दिवशी बावीस वर्षांचे होते."

"मग?"

"मग बाबा नागरिक नाहीत. कधीच नव्हते. मतदार यादीतून नाव जाईल, आणि यादीत नाव नाही त्याला उभं राहता येत नाही."

मॅलॅकीने काटा खाली ठेवला. "मग मी आहे तरी कोण?"

लॅरी पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. "कायद्याने बघितलं तर... इंग्लंडच्या राणीची प्रजा."

"आख्ख्या जन्मात मला एवढी घाण शिवी कुणी दिली नव्हती," मॅलॅकी म्हणाला. "दिली तीही पोटच्या पोराने."

टेबलाच्या टोकाला बसलेला नेड किलगॅलन हसला. नेड म्हणजे मॅलॅकीचा उजवा हात. पॅचमधलं एकेक मत त्याला तोंडपाठ, आणि काही मतं तर अशांची, जे केव्हाच दफनभूमीत जाऊन झोपलेत. तो म्हणाला, "अरे, एवढं काय रडताय? बुधवारी मी तीन माणसं उभी करतो. मॅलॅकीच्या बाप्तिस्म्याला आम्ही हजर होतो आणि साल होतं पन्नास, अशी तिघंही शपथेवर सांगतील. मग खरा कागद की खरी माणसं?"

"कोण तिघं?" डीलियाने विचारलं.

"बार्टली, लूक आणि फिन्टन."

"फिन्टन बॉस्टनला जन्मलाय, नेड."

"मग तो बोटीने गेला होता म्हणेल."

"या घरातून खोटी शपथ जाणार नाही," डीलिया म्हणाली. "हरायचं असेल तर हरू. नगरसेवकाची बायको म्हणून नऊ वर्षं मान वर करून चाललेय मी."

"मला वाटतं बाबांनी आत्ताच माघार घ्यावी," लॅरी म्हणाला. "नवा अर्ज करायचा. दोन-तीन वर्षांत रीतसर नागरिक होतील, मग पुन्हा उभं राहता येईल."

"दोन-तीन वर्षं," मॅलॅकी म्हणाला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती सगळ्या पॅचला ठाऊक होती. पॅचमध्ये नळ नव्हता. चौकातल्या एका पंपावर चारशे घरं पाणी भरायची, आणि वरच्या अंगाला गिरण्या त्याच पाण्यात आपली घाण सोडायच्या. गेल्या ऑगस्टमध्ये विषमज्वराने अकरा पोरं गेली. मॅलॅकीला महापौर व्हायचं होतं ते त्या नळासाठी. मग लोकांनी टोपी काढून सलाम केला असता तर तेही त्याला आवडलंच असतं, तो काही संत नव्हता.

तेवढ्यात विनी बोलली. विनी ही मॅलॅकीची थोरली बहीण, चौपन्न वर्षांची, लग्न न केलेली. बर्फ पडो की पाऊस, चर्चमधली सकाळची सहाची प्रार्थना, मिसा, तिने कधी चुकवली नव्हती. ती म्हणाली, "नेड म्हणतो तसं करा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नेडसुद्धा चपापला. गेली वीस वर्षं विनी त्याला भेटेल तिथे नरकाची आठवण करून द्यायची.

"विनी आत्या," लॅरी म्हणाला, "ती खोटी साक्ष आहे."

"साल तर खरंच सांगतील ना ते," विनी म्हणाली आणि ताटं गोळा करायला उठली. कुणाचं ताट रिकामं झालेलं नव्हतं.

शेगडीजवळच्या खुर्चीत सबाइना, मॅलॅकीची आई, मोजा विणत बसली होती. तिला कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालायचे. तिने मान वर केली नाही.

*

डीलिया विनीच्या मागोमाग मोरीपाशी गेली आणि तिने मधलं दार लोटलं. कोबीचं भांडं शेगडीवरच राहिलं ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"साल पन्नास आहे हे तुला कसं माहीत?" तिने विचारलं.

"डीलिया, तू यात पडू नकोस."

"मी यात पंचवीस वर्षांपूर्वीच पडले, तुझ्या भावाशी लग्न केलं तेव्हा. तू रोज देवाच्या दारात जातेस आणि आज फिन्टनच्या थापेला मान डोलावतेस. काहीतरी आहे, नाहीतर तू अशी वागणार नाहीस."

विनीने पाण्यात हात घातले आणि तसेच ठेवले. "बाबांना वचन दिलंय मी. मरताना त्यांनी माझ्याकडून घेतलं."

डीलियाला मग चार वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. जनगणनेचा माणूस दारात आला होता. आजीबाई, किती मुलं झाली? किती हयात आहेत? सासूबाई कधी अडखळायच्या नाहीत, पण त्या दिवशी किती वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, चार. चारही हयात. विनी, मॅलॅकी, सॅन फ्रान्सिस्कोचा थॅडी आणि मठातली कॅथरीन. आणि त्या माणसाचं लिहून व्हायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी डीलियाला तो म्हातारपणाचा तऱ्हेवाईकपणा वाटला होता.

"पाच होती," डीलिया हळूच म्हणाली. "हो ना?"

विनीच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं आणि हात ओले असल्याने ते तिला पुसता येईना. डीलियाने आपल्या मळक्या ॲप्रनने तिचं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत या दोघींचं कशावरूनही पटलं नव्हतं, मिठावरून नाही आणि मुलांवरून नाही.

"आपल्याकडे मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देतात," विनी म्हणाली. "नाव घरातून जाऊ नये म्हणून. थोरला मॅलॅकी सेहेचाळीसचा. मी सहा वर्षांची होते. त्याला माझं बोट तोंडात घालून ठेवायची सवय होती."

"मग हे बुधवारी सांगायचं. तू सांग."

"ते माझं नाही सांगायला. आईचं आहे."

दार उघडलं तर सबाइना खुर्चीतून उठून दाराशीच उभी होती. हातात कोबीचं भांडं, त्यातून काळा धूर निघत होता.

"भांडी घासताना तुम्ही दोघी कुजबुजत नाही, ओरडता," ती म्हणाली. "आणि हे करपलं."

*

मॅलॅकीला त्या दुपारचं पुढे सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर आईने आधी ते भांडं अंगणात नेऊन ठेवलं, परत आली, हात धुतले, आणि मग टेबलाशी त्याच्यासमोर बसली. कधी बसायची नाही ती टेबलाशी.

"तो कागद तुझा नाही," ती म्हणाली. "तू तो नव्हेस."

मग तिने सांगितलं. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत जमीनदाराच्या माणसांनी घराचं छप्पर उतरवलं. ड्रमीनला तिच्या बहिणीचं घर होतं, दोन दिवसांची वाट. विनीचा हात थॉमसच्या हातात, आणि नऊ महिन्यांचा मॅलॅकी तिच्या शालीत.

"किती वेळ मी त्याला तसाच घेऊन चालत होते ते मला माहीत नाही. तुझ्या बाबांनी शाल उघडून बघितलं तेव्हा कळलं. तिथले फादर तापाने पडलेले. दफनभूमी लांब, आणि आमच्यात तेवढं त्राण नव्हतं. बाप्तिस्मा न झालेली बाळं पुरतात तसला एक शेताचा कोपरा होता. तिथे ठेवला. पण त्याचा बाप्तिस्मा झाला होता. तो तिथला नव्हता. तुझ्या बाबांनी वर एक पांढरा दगड ठेवला आणि म्हणाले, सबाइना, हे कुणाला सांगायचं नाही."

"म्हणून कुठेच नोंद नाही," लॅरी म्हणाला. त्याचा आवाज वकिलासारखा राहिला नव्हता.

"किलमोराला परत कोण गेलं सांगायला? पुढे हा ड्रमीनला झाला, तिथल्या चर्चमध्ये नाव ठेवलं." ती नातवाकडे वळली. "तू कागद वाचलास ना, लॅरी, तेव्हा मला कळलं. त्या वहीत तो अजून आहे. जन्मला, नाव ठेवलं, आणि पुढे काही नाही. तिथे त्याला कुणी मारलेलं नाही. जगात एका तरी ठिकाणी माझं पोर जिवंत आहे. आता मी बुधवारी शपथ घेऊन सांगू, की तिथून त्याचं नाव खोडा?"

मॅलॅकीला वाटलं, आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या जागेवर बसलो आणि त्याला साधं 'सरक' म्हणायलाही तोंड नव्हतं. सभेत हजार माणसांपुढे घसा न सुकणारा तो माणूस, त्याला आईचा हात धरायलाही वेळ लागला.

"जायचं नाही तू," तो म्हणाला. "लॅरी, उद्या माघारीचा कागद दे. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"बाबा—"

"सांगितलं ना."

"आणि नळ?" सबाइनाने विचारलं.

"नळाचं पुढे बघू."

"ॲमोरी आणेल?"

"नाही."

"ऑगस्टमध्ये तू अकरा घरी जाऊन बसलास," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते. रुएनच्या पोरीच्या वेळी तू तिथून पहाटे आलास. मेलेल्याच्या घरी रात्रभर बसायचं, चहा प्यायचा, चिलीम ओढायची, चार आठवणी सांगायच्या, ही आपली रीत. माझ्याकडे कुणी बसायला आलं नाही, मॅलॅकी. मला कुणी म्हटलं नाही की तुझ्या दुःखात आम्ही आहोत. मी चालतच राहिले."

डीलिया उठली. ती काय करतेय ते आधी कुणाला कळलं नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाशी गेली, काच उघडली आणि बोटाने लंबक थांबवला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मग मेलेल्याच्या घरी करतात तसा तिने आरशावर टेबलावरचा कपडा टाकला आणि मेणबत्ती लावली.

"नेड," ती म्हणाली, "जा. लोकांना सांग की लव्हेलांकडे माणूस गेलंय."

"कोण म्हणून विचारतील."

"मॅलॅकी म्हणून सांग."

"मग पॅचमध्ये दंगल होईल, डीलिया. उमेदवार गेला म्हणतील."

"थोरला मॅलॅकी," सबाइना म्हणाली. सत्तेचाळीसपासून तिने ते नाव असं वेगळं कधी उच्चारलं नव्हतं. ती स्वतःच थोडा वेळ ते ऐकत राहिली.

नेड टोपी घेऊन निघाला. त्याने त्या दुपारी काय सांगितलं कोण जाणे, पण अर्ध्या तासात माणसं यायला लागली. आमच्याकडे कोण मेलं, कधी मेलं, हे दारात विचारत नाहीत. आधी आत जायचं, म्हातारीचा हात हातात घ्यायचा. मिसेस रुएन आली, जिची पोरगी ऑगस्टमध्ये गेली होती. ती सबाइनाच्या शेजारी बसली. तिने विचारलं, "दिसायला कसा होता?"

सत्तेचाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"केस तांबूस," सबाइना म्हणाली. "कान बापाचे, बाहेर आलेले. विनीचं बोट सोडायचा नाही."

"माझं बोट," विनी म्हणाली आणि हसली. सगळ्यांनी बघितलं, विनी हसतेय. बार्टलीने चिलीम पेटवली. फिन्टनने बोटीवरची एक गोष्ट सांगितली जी अजिबात खरी नव्हती, आणि डीलियाने ती चालवून घेतली. रात्र फार व्हायच्या आत सगळे आपापल्या घरी गेले, कारण सकाळी गिरणीचा भोंगा होता. जाताना प्रत्येक जण सबाइनाला तेच म्हणून गेला, की तुमच्या दुःखात आम्ही आहोत. ती प्रत्येकाला म्हणाली, "हो. आलात, बरं वाटलं."

लॅरी शेवटी तिच्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला. "आजी, माझं चुकलं. मी तो कागद मागवायला नको होता."

"नको होता," ती म्हणाली. "पण आता वाचलास ते बरं झालं. उद्या ड्रमीनला तार कर. आणि बुधवारी मला हात दे, त्या नगरभवनाच्या पायऱ्या उंच आहेत."

*

ड्रमीनची तार मंगळवारी संध्याकाळी आली. मॅलॅकी, थॉमस आणि सबाइना लव्हेल यांचा मुलगा, बाप्तिस्मा बारा नोव्हेंबर अठराशे पन्नास.

ॲमोरींच्या वकिलाने बुधवारी ती तार वाचली आणि घडी करून ठेवली. वाईट माणूस नव्हता तो, त्याला फक्त जिंकायचं होतं. तो नोंदणी अधिकाऱ्याला म्हणाला, "एकाच आईबापांची एकाच नावाची दोन मुलं. ठीक. पण थोरला वारल्याची नोंद कुठेही नाही. मग समोर बसलेत ते धाकटेच, थोरले नव्हेत, हे कशावरून?"

दालन पॅचच्या माणसांनी भरलं होतं. सबाइना लॅरीचा हात सोडून उभी राहिली. पवित्र पुस्तकावर हात ठेवला. अधिकाऱ्याने ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारले. नाव. गाव. नवऱ्याचं नाव.

"अपत्यं किती?"

डीलियाने विनीचा हात धरला.

"पाच," सबाइना म्हणाली.

"हयात?"

"चार. थोरला मॅलॅकी सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत गेला, ड्रमीनच्या वाटेवर, माझ्या शालीत. हा माझ्यासमोर बसलाय तो धाकटा. दोघांना मीच जन्म दिला, त्यामुळे माझी गल्लत व्हायची नाही."

अधिकाऱ्याने लेखणी बुडवून सावकाश लिहिलं, आणि कागद तिच्याकडे फिरवून विचारलं, नाव बरोबर लिहिलंय का. तिला वाचता येत नव्हतं. तिने बोट ठेवून त्या अक्षरांकडे बघितलं आणि म्हणाली, "बरोबर आहे." मतदार यादीतलं नाव कायम राहतं असं त्याने जाहीर केलं, तेव्हा मागच्या बाकांवरून एवढा ओरडा झाला की त्याला हातोडा आपटावा लागला.

पायऱ्यांवर मॅलॅकीने आईला सावरत विचारलं, "आई, म्हणजे मी चव्वेचाळीस वर्षांचा. पण दिवस कुठला?"

"संत मार्टिनच्या सणाचा. अकरा नोव्हेंबर."

"म्हणजे गेल्याच पंधरवड्यात झाला की."

"झाला. तू पंपापाशी भाषण करत होतास. मी तुझ्यासाठी एक अंडं जास्त उकडलं होतं. दरवर्षी उकडते."

मॅलॅकीला ते अंडं आठवलं. दरवर्षी त्या दिवसाच्या न्याहारीला त्याच्या ताटात दोन असायची आणि त्याने कधी का म्हणून विचारलं नव्हतं. तो एकदम लॅरीकडे वळून ओरडला, "नवं पत्रक काढायचंय. आणि या वेळी तारखा दोन्ही छाप. त्याचीही."

नेड खालच्या पायरीवर उभा होता. विषय फार जड झाला की त्याला चैन पडत नसे. टोपी मागे सारून तो म्हणाला, "आजी, तसंही माझ्या यादीत दफनभूमीतली बरीच मंडळी आहेत. थोरल्याचंही नाव घालून टाकू का? तेवढंच एक मत वाढेल."

डीलिया त्याला झापायला वळली. पण सबाइना हसत होती. पायरीवर थांबून, लॅरीचा दंड धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"घाल," ती म्हणाली. "पण तो धाकट्यालाच मत देईल असं धरून चालू नकोस. त्याला जाऊन विचारायला लागेल."